चिंगीच्या पाठीचं काम : नोंदी

२१ जून २०२४, शुक्रवार

वही आजपासून सुरू करतेय कारण डॉक्टर दर वेळी विचारतात कधी, किती वाजता, किती वेळा, आणि मला काहीच नीट आठवत नाही.

आधी मागचं. चिंगी, डॅशहंड जातीची आमची कुत्री, वय ६, वजन ११.४ किलो (जास्त आहे, त्यावर पुढे लिहीन). मंगळवारी ती सोफ्यावर चढली नाही, नुसती खाली उभी राहून बघत राहिली. बुधवारी पाठ कमानीसारखी वर आणि उचलली की थरथर. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पाय मुरगळला असेल म्हणून इंजेक्शन दिलं आणि फिरवा म्हणाले. आम्ही फिरवलं. हे मला सगळ्यात जास्त टोचतंय, की दोन दिवस आम्ही तिला चालवत होतो जेव्हा तिला एका जागी पडून राहायला हवं होतं. आज सकाळी उठले तर ती पुढच्या दोन पायांवर सरकत दारापर्यंत आली होती, मागचे दोन्ही पाय ओल्या फडक्यासारखे मागून फरफटत. बाबा चहा टाकत होते, त्यांनी गॅस बंद केला आणि चपला शोधायला लागले, एक शब्द बोलले नाहीत.

मोठ्या हॉस्पिटलला ११ वाजता पोचलो. सर्जन मॅडमनी पाय उलटा ठेवून पाहिला, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला लावली, नॉर्मल कुत्रं लगेच सरळ करतं, हिने तसाच ठेवला. मग चिमट्याने बोटाचं हाड जोरात दाबलं. पाय आत ओढला गेला तर मला वाटलं चला, जाणीव आहे! पण मॅडम म्हणाल्या पाय ओढणं नुसता रिफ्लेक्स असतो, मेंदूपर्यंत काही न पोचताही होतो, मी तिच्या तोंडाकडे बघतेय. दुसऱ्यांदा दाबल्यावर चिंगीने मान वळवली आणि ओरडली. मॅडमनी श्वास सोडला. ह्याला डीप पेन म्हणतात, ते शाबूत असेल आणि ऑपरेशन झालं तर दहातली नऊ कुत्री परत चालतात, ते गेलं की निम्म्यावर येतं. म्हणजे ग्रेड ४, पाचातलं, पाचवं सगळ्यात वाईट.

एमआरआयसाठी पूर्ण भूल द्यावी लागते, ते संध्याकाळी झालं. छातीचा शेवटचा मणका, तेरावा, आणि कमरेचा पहिला, ह्यांच्या मधली गादी फुटून डावीकडून मज्जारज्जूवर दाब आलाय. ऑपरेशन उद्या सकाळी ९ ला.

रात्री साडेदहाला बाहेर पडलो तर मी, नवरा आणि बाबा, तिघांनीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. हॉस्पिटलच्या कोपऱ्यावर भुर्जीची गाडी होती, उभ्या उभ्या तीन प्लेट भुर्जी-पाव. बाबांनी पावाचा कडेचा तुकडा तोडून हातात धरला आणि खाली बघितलं. सवय. तो तुकडा मग त्यांनी खिशात ठेवला.

२२ जून, शनिवार

ऑपरेशनचं नाव हेमिलॅमिनेक्टॉमी. मला समजलं ते असं, मणक्याच्या हाडाची एका बाजूची कमान ड्रिलने कोरून खिडकी करतात आणि त्या खिडकीतून फुटलेल्या गादीचा माल अलगद बाहेर काढतात, रज्जूला धक्का न लावता. आजूबाजूच्या दोन-तीन गाद्यांनाही छेद देऊन आतला माल काढून टाकतात म्हणजे त्या पुढे फुटायची भीती कमी.

अडीच तास. मॅडम बाहेर आल्या तेव्हा हातात छोटी वाटी होती, त्यात पांढरट, चुरा झालेला, वाळलेल्या चुन्यासारखा ऐवज. चमचाभरसुद्धा नसेल. मणक्याची गादी खरं तर आतून जेलीसारखी असते, पण ह्या जातीत ती पहिल्या वर्ष-दीड वर्षातच वाळायला लागते, कडक होते, आणि मग एक दिवस नुसत्या उडीने फुटते, किंवा उडी न मारताही. आखूड पाय आणि वाळकी गादी हे एकाच जीनचं काम आहे, २०१७ मध्ये कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस कॅम्पसच्या संशोधकांनी ते शोधून काढलं, एफजीएफ४ नावाच्या जीनची एक जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर असते. म्हणजे ज्या पायांना आपण किती गोड किती गोड म्हणत होतो तेच. मी विचारलं, आमच्या चुकीने झालं का? मॅडम म्हणाल्या गादी वाळणं तुमच्या हातात नव्हतं, वजन होतं.

बाबा ती शुद्धीवर येईपर्यंत काही घ्यायला तयार नव्हते. अडीच वाजता नर्सने सांगितलं डोळे उघडलेत, मग तिथून चालत एका साध्या हॉटेलात गेलो, इडली-सांबार आणि तीन कॉफ्या. इडली बघून मला एकदम रडू आलं. त्याचं कारण लिहून ठेवते. गेली पाच वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही चौघं आमच्या नेहमीच्या उडप्याकडे जातो, बाहेर झाडाखाली तीन टेबलं आहेत, तिथे चिंगी चालते. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा न सांगता तिच्यासाठी अर्धी इडली स्टीलच्या बशीत आणायचे. वर नवऱ्याच्या डोशाचा कुरकुरीत तुकडा, माझ्या इडलीचा सांबारात बुडालेला घास, बाबांचं वेगळंच. वाढत्या वजनाचं सगळं गणित त्या टेबलावर आहे. आम्ही प्रेमाने केलं, खरंय, पण केलं आम्हीच.

२४ जून, सोमवार

आज भेटू दिलं. पाठीवर मोठी पट्टी, केस भादरलेले, सलाईन. आम्हाला बघून कान हलले. मागे काही नाही.

शू काढायला शिकवलं. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं आणि पुढचे काही आठवडे हेच मुख्य काम असणार आहे. रज्जूवर मार बसला की मूत्राशय भरल्याचा निरोप वर जात नाही आणि सोडायचा निरोप खाली येत नाही, मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू घट्ट आवळलेला राहतो. मग दिवसातून चार वेळा हाताने दाबून रिकामं करायचं, नाहीतर ते ताणून ताणून कायमचं सैल पडतं, इन्फेक्शन होतं. कधी थेंब थेंब गळतं आणि लोकांना वाटतं अरे वा, आपली आपण करतेय, पण तो नुसता भरून सांडलेला असतो. तंत्र असं, तिला उभं धरायचं, दोन्ही तळवे बरगड्यांच्या मागे पोटावर दोन बाजूंनी सपाट ठेवायचे आणि हळूहळू मागच्या पायांकडे सरकवत आत दाबायचे. बोटं खुपसायची नाहीत. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं हाताला लागतं, लिंबाएवढं ते संत्र्याएवढं. नवऱ्याला जमलं नाही, मला अर्धवट, बाबांना पहिल्या खेपेला. ७१ वर्षांचा माणूस, आयुष्यभर सुतारकाम केलेले हात. नर्स म्हणाली आजोबांना बरोबर दाब कळतो.

२६ जून, बुधवार

घरी.

हॉलच्या कोपऱ्यात ४ बाय ३ फुटांचा कुंपणाचा पिंजरा. खाली जाड फोम, त्यावर रेक्झिन, त्यावर धुता येणारी चादर, वर डायपर शीट. फरशीवर योगा मॅट्स कापून रस्ता केलाय पिंजऱ्यापासून बाल्कनीपर्यंत, आमची फरशी आरशासारखी आहे, त्यावर चांगलं कुत्रंसुद्धा घसरतं. गळ्यातला पट्टा काढून टाकला, आता कायमचा छातीचा हार्नेस. माझी जुनी कॉटनची ओढणी पोटाखालून घालून मागचं धड उचलायचं, तशीच शू-शीला न्यायची.

सहा आठवडे पिंजऱ्यातच. उडी नाही, जिना नाही, मांडीवर चढणं नाही.

औषधं फ्रिजवर चिकटवलीत. वेदनेसाठी गाबापेंटिन दर ८ तासांनी, सुजेसाठी एक, मूत्राशयाचं तोंड सैल पडावं म्हणून प्राझोसिन, पोटासाठी एक. आधीच्या डॉक्टरांनी कुठलं इंजेक्शन दिलं होतं ते मॅडमनी फोन करून विचारून घेतलं होतं, कारण स्टिरॉइड आणि सुजेची साधी गोळी एकत्र गेली तर आतड्याला जखमा होतात. हे ज्याच्या घरी कुत्रं आहे त्याने लक्षात ठेवावं, कागद जपून ठेवा सगळे.

स्वयंपाक बंद आहे. डबा लावलाय.

३० जून, रविवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात. फिजिओची पहिली अपॉइंटमेंट होती पण रस्ते बंद, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर शिकवलं. मागचा एकेक पाय सायकल चालवल्यासारखा गोल फिरवायचा १० वेळा, बोटांच्या मध्ये गुदगुल्या करून पाय ओढायला लावायचा, मऊ ब्रशने पंजे घासायचे. दिवसातून तीन वेळा. पंजांना जमिनीचा स्पर्श विसरू द्यायचा नाही, असं त्या म्हणाल्या, मला ते वाक्य फार आवडलं.

बाबा दर वर्षी दुपारपासूनच फर्ग्युसन रोडला जाऊन उभे राहतात माउलींच्या दर्शनाला. ह्या वर्षी ४ ची शू काढून मग निघाले आणि ८ च्या शूला परत. दर्शन लांबूनच झालं म्हणाले. येताना त्यांनी सगळ्यांसाठी वडापाव आणले, ते पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसून खाल्ले. आम्ही हल्ली जेवतो तिथेच. तिच्या नाकाखाली वडा खाणं बरोबर वाटत नाही पण तिला सोडून टेबलावर बसवत पण नाही.

३ जुलै

लघवीला वास. तपासणीत इन्फेक्शन निघालं, अँटिबायोटिक सुरू. तीन दिवस काहीच प्रगती नाही, आज मी आणि नवरा ओरडून भांडलो, शूची वेळ कोणी चुकवली ह्यावरून. बाबा म्हणाले, "अगं, दोघं जरा बाहेर जाऊन खाऊन या. मी आहे ना इथे."

गेलो. कर्वे रोडला मिसळ खाल्ली, तिखट, नाकातून पाणी येईपर्यंत. पहिली दहा मिनिटं दोघंही गप्प, मग त्याने माझ्या बशीत त्याच्या वाटणीची शेव टाकली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा आम्ही औषधांशिवाय दुसऱ्या कशावर तरी बोललो. घरी आल्यावर आधी वाटलं की तिला सोडून मिसळ खाणं बरोबर नाही, पण नंतर शू काढताना माझा हात थरथरला नाही, एका दमात पूर्ण रिकामं झालं. हात घट्ट असले की ती पण पोट घट्ट करते. तर आता ठरलं, आठवड्यातून दोनदा दोघांनी बाहेर जेवायचं, एकाने घरी, पाळीपाळीने. हे पण औषधांच्या तक्त्यात लिहिलं.

५ जुलै, शुक्रवार

टाके काढले.

आणि शेपूट! बाबा बाहेरून आले, दारातून "चिंगे" म्हणाले आणि शेपूट हललं, दोनदा, डावीकडे. मी लगेच मॅडमना विचारलं रिफ्लेक्स की खरं? त्या म्हणाल्या शी करताना किंवा शू काढताना हललं तर रिफ्लेक्स, हाक ऐकून हललं तर ते वरून आलंय. म्हणजे वरून आलंय. मेंदूतून निघून, त्या खिडकी पाडलेल्या मणक्यातून, शेपटापर्यंत.

९ जुलै

बाल्कनीतल्या गवताच्या ट्रेवर ओढणीने धरून उभी केली होती, मी दाबायच्या आधीच स्वतः शू केली. नंतर दाबून पाहिलं, जेमतेम थोडी उरली होती. तरी पुढचे चार दिवस तपासून रिकामं करायचंच असं सांगितलंय. बाबांनी कुंडीतलं जास्वंदाचं फूल काढून देवापुढे ठेवलं.

१२ जुलै

आधाराशिवाय ६ सेकंद उभी. मग बसकण.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

तीन पावलं.

बाबांचा उपास, मी साबुदाण्याची खिचडी केली, ऑपरेशननंतर घरात पहिल्यांदा कढई चढली. पिंजऱ्याचं दार खिचडी वाढताना उघडं राहिलं, आणि ती उठली, उजवा मागचा, डावा मागचा, परत उजवा, डावा पंजा दुमडलेला, धड झोकांड्या खात, आणि बाबांच्या ताटापाशी पोचून कोसळली. दाण्याच्या कुटाच्या वासावर. आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. बाबा नुसतं "पांडुरंगा" म्हणाले. मग मला ओरडले दार उघडं ठेवलं म्हणून, आणि बरोबरच ओरडले, कारण आता जास्त धोका आहे, तिला वाटतंय मी बरी झाले आणि आत जखम अजून ओली आहे.

खिचडी दिली नाही. उकडलेल्या दुधीचे दोन तुकडे दिले. तिने आधी बाजूला सारले, मग खाल्ले.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलंय, शाळा बंद. फिजिओ रद्द. एरवी आठवड्यातून दोनदा पाण्यातली ट्रेडमिल असते, काचेच्या टाकीत कोमट पाणी पोटापर्यंत, खाली पट्टा हळू सरकतो, पाणी वजन पेलतं त्यामुळे पाय नुसतं चालणं आठवायचं काम करतात. आज त्याऐवजी घरातच, झाडूचा दांडा, लाटणं, फूटपट्टी अशा काठ्या मॅटवर एकेक फुटावर आडव्या ठेवल्या आणि दुधीच्या मागे तिला त्यांच्यावरून हळूहळू नेलं, म्हणजे प्रत्येक पाय मुद्दाम उचलावा लागतो. पाच फेऱ्या. डावा पंजा अजून पाचात दोनदा दुमडतो.

बाहेर जायची आमची पाळी होती पण कुठे जाणार. अण्णांचा फोन आला, हॉटेल बंद ठेवलंय म्हणाले, चिंगीचं कसंय. महिनाभर ते दर रविवारी विचारतात.

३ ऑगस्ट, शनिवार

सहा आठवडे. तपासणीत मॅडम खूश. वजन १०.३. पिंजरा आता फक्त रात्री आणि आम्ही घरात नसताना. पट्ट्याने १० मिनिटं चालणं, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवायची.

आणि रॅम्प. हे बाबांचं काम, मी फक्त सनमायका धरून उभी होते. सोफा १६ इंच उंच, रॅम्प ५ फूट लांब घेतला म्हणजे चढ साधारण १५ अंशाचा येतो, त्यापेक्षा उभा नको. १८ एमएमचं प्लायवूड, दोन्ही कडांना दीड इंचाची पट्टी म्हणजे बाजूला पाय जाणार नाही, वर पायपुसण्याचं खरखरीत रबर फेविकॉलने चिकटवून कडेने खिळे. खाली रबरी बूच. बाबांनी रंधा मारला तेव्हा कितीतरी वर्षांनी घरात लाकडाचा वास आला. सोफ्याच्या बाकीच्या बाजूंना खुर्च्या लावून टाकल्यात, म्हणजे चढायला-उतरायला तेवढी एकच वाट. पहिल्या दिवशी तिने वर बघितलं, रॅम्प हुंगला, आणि त्याच्यावर झोपली.

१८ ऑगस्ट

बाबा आणि मी डेक्कनला गुडलकमध्ये बन मस्का आणि चहा. बाबा म्हणाले १९७० च्या आसपास ते पहिला पगार झाल्यावर इथे आले होते. मी विचारलं, तुम्ही हे सगळं इतकं कसं पटकन शिकलात, शू आणि पाय. त्यांनी बनवरचं लोणी सुरीने नीट कडेपर्यंत सारखं केलं आणि म्हणाले, "तुझ्या आईचं शेवटचं वर्ष केलं की मी." मला ते माहीतच आहे, पण ते त्यावर कधी बोलत नाहीत. दुसरा चहा मागवला.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती आले. पाहुण्यांसाठी दारावर कागद लावला : चिंगीला उचलू नका, काही भरवू नका. शिऱ्यात बेदाणे असतात, द्राक्ष-बेदाण्याने कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि बटाट्याच्या भाजीत कांदा, कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. हे वाचल्यापासून मला अण्णांच्या सांबारात बुडवलेले ते सगळे घास आठवतात. वजन ९.८.

१५ सप्टेंबर, रविवार

बारा आठवडे पूर्ण. सकाळी ८ ला अण्णांकडे. गाडी कोपऱ्यावर लावली म्हणजे शेवटची साठेक पावलं तिला चालत जाता येईल. ती चालली. मागून बघितलं तर धड थोडं डावीकडे डोलतं, आणि डाव्या पंजाची नखं रस्त्याला घासल्याचा आवाज येतो, सर्र सर्र, चार पावलांत एकदा. झाडाखालचं आपलं टेबल तिने स्वतः ओळखलं आणि त्याच्या खाली, जिथे नेहमी बसायची त्या पायाशी जाऊन बसली. शेजारच्या टेबलावरचे काका वर्तमानपत्र खाली ठेवून उभे राहिले, त्यांचं नाव आम्हाला अजून माहीत नाही.

अण्णा बाहेर आले, हातात स्टीलची बशी, अर्धी इडली. त्यांना सांगितलं होतं फोनवर, पण हात सवयीने गेला असणार. त्यांचे डोळे भरले होते. बाबांनी पिशवीतून डबा काढला, उकडलेला दुधी आणि गाजर, बारीक चौकोनी, आणि अण्णांसमोर धरला. "ह्याच्यातलं घाला बशीत, तुमच्याच हाताने." अण्णांनी इडली बाजूच्या टेबलावर ठेवली, बशी पुसली, चार तुकडे घातले आणि खाली बसून तिच्यापुढे सरकवली. तिने खाल्लं आणि इडलीकडे बघत राहिली. अण्णांनी इडलीचा नखाएवढा कण मोडला आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी मान डोलावली.

आम्ही काय खाल्लं : दोन साधे डोसे, एक इडली, तीन कॉफ्या. आणि ती उरलेली अर्धी, माझ्यात.

पुढचं काम : डाव्या पंजाला कातड्याचा मोजा शिवून घेणे (नख रक्त येईपर्यंत झिजलंय, आज घरी आल्यावर दिसलं). गाडीत चढायला दुसरा रॅम्प, घडी होणारा, बिजागऱ्या बाबा उद्या आणतायत. वजन अजून ३०० ग्रॅम.

रात्रीची शू ९.४० ला, स्वतः.